छातीवरचा ‘पी’: जर्मनीत नेलेल्या पोलिश वेठबिगारांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे लोक नेमके कोण? युद्धकैदी की छळछावणीतले कैदी?

दोन्ही नव्हेत. १ सप्टेंबर १९३९ ला जर्मनीने पोलंडवर हल्ला केला. पुढच्या साडेपाच वर्षांत शेतकऱ्यांची पोरं, शाळकरी मुली, शिंपी, कारकून अशी साधी माणसं उचलून जर्मनीच्या शेतांवर, कारखान्यांत आणि रेल्वेच्या रुळांवर राबायला नेली. कागदोपत्री ते ‘नागरी कामगार’. पगारपत्रकावर नाव, खिशात फोटो लावलेलं कामाचं कार्ड, सगळं रीतसर. फक्त काम सोडायची मुभा नव्हती, गाव सोडायची मुभा नव्हती आणि मालक निवडायचा तर प्रश्नच नव्हता. आपल्या भाषेत याला एकच शब्द आहे, वेठ.

पोलिश घरांत आजही आजी-आजोबांबद्दल सांगताना ‘ना रोबोती’ नेलं होतं असं म्हणतात, म्हणजे ‘कामावर’ नेलं होतं. त्याच कुळातल्या चेक ‘रोबोता’ या शब्दाचा अर्थ वेठ, आणि यंत्रमानवाचं ‘रोबोट’ हे नाव त्यातूनच आलं.

युद्धकैद्यांशी सरमिसळ होते त्याला मात्र कारण आहे. १९३९ च्या शरद ऋतूत बटाटे काढायला माणसं कमी पडली तेव्हा पकडलेल्या पोलिश सैनिकांपैकी सुमारे ३ लाख शेतांवर पाठवले गेले. १९४० मध्ये त्यांतल्या बहुतेकांना ‘सोडून’ लगेच नागरी कामगार करून टाकलं. ऐकायला ही बढती वाटते. प्रत्यक्षात युद्धकैदी म्हणून जिनिव्हा कराराचं जे थोडंफार कवच होतं तेही गेलं, आणि माणूस शेत तेच नांगरत राहिला.

कोल्हापूरजवळ वळिवड्याला राहिलेले पोलिश लोक यांच्यातलेच का?

कोल्हापूरकडची मंडळी हा प्रश्न आधी विचारतात आणि तो रास्त आहे. उत्तर मात्र ‘नाही’ असं आहे. १९३९ मध्ये पोलंडचे दोन तुकडे झाले, पश्चिमेकडचा जर्मनीने घेतला आणि पूर्वेकडचा सोव्हिएत संघाने. वळिवड्याला आलेले लोक पूर्वेकडच्या तुकड्यातले. त्यांना १९४० आणि १९४१ मध्ये सैबेरिया, कझाकस्तान अशा ठिकाणी हद्दपार केलं होतं. जुलै १९४१ मध्ये पोलंडचं परागंदा सरकार आणि मॉस्को यांच्यात करार झाला, त्यांची सुटका झाली आणि इराणमार्गे ते भारतात पोचले. १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याच्या छावणीत साधारण ५ हजार जण राहिले, बहुतेक बायका-मुलं. जामनगरजवळच्या बालाचडीची मुलंही त्याच वाटेने आलेली.

या पानावर पश्चिमेकडच्या तुकड्याची गोष्ट आहे. तिथून इराणकडे जाणारी वाट नव्हती.

एकूण किती जण होते?

ऑगस्ट १९४४ ची जर्मन सरकारी मोजणी वापरतात. त्या वेळी जर्मनीत सुमारे ७६ लाख परदेशी लोक कामाला जुंपलेले होते, ५७ लाख नागरिक आणि १९ लाख युद्धकैदी. त्यांत पोलिश जवळपास १७ लाख. त्यांच्याहून मोठा गट फक्त सोव्हिएत नागरिकांचा आणि कैद्यांचा होता. पण ही एका महिन्याची मोजणी आहे. अख्ख्या युद्धभरात मेलेले, पळालेले, आजारी म्हणून परत पाठवलेले असे सगळे धरले तर पोलंडमधून नेलेल्यांचा आकडा २८ लाखांपर्यंत जातो असं इतिहासकार मानतात.

पण बरेच जण स्वखुशीने गेले होते ना? पगार मिळत होता म्हणे.

हा प्रश्न टाळण्यासारखा नाही, कारण त्यात थोडं तथ्य आहे. पोलंडच्या खेड्यांतून हंगामी मजुरीला जर्मनीत जायची जुनी रीत होती. सॅक्सनीच्या बीटाच्या शेतांवर लोक जात, म्हणून ‘ना साक्सी’ जाणं हा शब्दप्रयोगच पोलिशमध्ये रुळला होता. आपल्याकडे ऊसतोडीला टोळ्या निघतात तसं समजा. त्यामुळे १९३९ च्या शेवटी, युद्धाने घरदार उद्ध्वस्त झालेलं, हाताला काम नाही, अशा वेळी काही हजार जण खरंच नाव नोंदवून गेले. जर्मन सैन्याच्या पाठोपाठ त्यांची रोजगार कार्यालयंही आत शिरत होती. पहिलं कार्यालय ३ सप्टेंबरला, म्हणजे युद्धाच्या तिसऱ्याच दिवशी, रिब्निक या गावात उघडलं होतं.

पुढे घरी पत्रं यायला लागली, काय चाललंय ते कळलं आणि नावं देणारे आटले. तिकडे बर्लिनची मागणी दहा लाखांची. मग सक्ती आली. खरं तर कायदा आधीच तयार होता. व्याप्त पोलंडचा जर्मन प्रशासक हान्स फ्रांक याने २६ ऑक्टोबर १९३९ लाच १८ ते ६० वयाच्या पोलिश लोकांवर कामाची सक्ती लादली होती आणि डिसेंबरात ती १४ वर्षांच्या मुलांपर्यंत खाली आणली. आता गावागावाला कोटा ठरवून दिला. इतकी डोकी द्या, नाही दिली तर सरपंच आत, गुरं जप्त, घराला आग. सरपंचाने कोणाचं नाव आधी लिहिलं असेल, हे गावात राहिलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. ज्याच्या मागे कोणी नाही त्याचं.

शहरांत ‘वापांका’ होती. पोलिशमध्ये लहान मुलांच्या पकडापकडीच्या खेळासारखा हा शब्द. पोलीस रस्त्याची दोन्ही टोकं बंद करत, ट्राम थांबवत, आणि मधे सापडेल त्याला ट्रकमध्ये कोंबत. बाजारातून, चर्चच्या दारातून, सिनेमागृहातून लोक गायब होत. घरी कळायला आठवडे लागत. १९ सप्टेंबर १९४० ला वॉर्सातल्या अशाच एका धरपकडीत पोलिश अधिकारी विटोल्ड पिलेत्स्की मुद्दाम सापडला, आऊशविट्झच्या छळछावणीत काय चाललंय ते पाहून बाहेर कळवायला. त्यावरून आणखी एक गोष्ट कळते. पकडलेल्या माणसाला शेतावर नेतायत की छावणीत, हे त्याला स्वतःला ठाऊक नसे.

वाचायचा एक मार्ग म्हणजे इथेच ‘महत्त्वाच्या’ ठिकाणी नोकरीला असल्याचं कार्ड. क्राकुफमध्ये कारोल वोय्तिवा नावाचा विद्यार्थी १९४० मध्ये दगडाच्या खाणीत कामाला लागला, ते जर्मनीला नेऊ नये म्हणून. पुढे तोच पोप जॉन पॉल दुसरा झाला.

आणि स्वखुशीबद्दल खुद्द त्या खात्याच्या मुख्याचं मत उपलब्ध आहे. फ्रिट्झ झाउकेल २१ मार्च १९४२ पासून सगळ्या मजूरभरतीचा प्रमुख होता. १ मार्च १९४४ च्या एका बैठकीत तो बोलून गेला की आलेल्या ५० लाख परदेशी मजुरांपैकी २ लाखसुद्धा आपणहून आलेले नाहीत. बैठकीची टिपणं शिल्लक राहिली आणि युद्धानंतर न्यूरेंबर्गच्या खटल्यात त्याच्यासमोरच वाचली गेली.

तो ‘पी’ काय होता?

८ मार्च १९४० च्या हुकुमांनी आलेली खूण. टोकावर उभा केलेला चौकोन, प्रत्येक बाजू ५ सेंटिमीटर. पिवळं कापड, कडेला अर्ध्या सेंटिमीटरची जांभळी किनार आणि मधे अडीच सेंटिमीटर उंचीचं जांभळं ‘पी’ अक्षर. उजव्या छातीवर, अंगातल्या प्रत्येक कपड्यावर, घट्ट शिवलेला. नसला तर १५० मार्कांपर्यंत दंड किंवा सहा आठवड्यांपर्यंत कोठडी.

ही मापं मुद्दाम दिली. कोणीतरी कार्यालयात पट्टी घेऊन बसलं आणि किनार अर्धा सेंटिमीटर असावी हे ठरवलं, हे डोळ्यांसमोर आणल्याशिवाय ती राजवट नीट कळत नाही. जर्मनीत माणसांवर कपड्यांतून उघड शिक्का मारायची ही पहिली वेळ. ज्यूंना पिवळा तारा सक्तीचा झाला तो सप्टेंबर १९४१ मध्ये, दीड वर्षाने.

तरुण मुलं-मुली यातूनही वाट काढत. खूण शिवायच्या ऐवजी टाचणीने लावायची, गावाबाहेर गेलं की काढून खिशात. किंवा कोटाची कॉलर अशी पाडायची की अक्षर झाकलं जाईल. रविवारी दुपारी दुसऱ्या गावातल्या बहिणीला भेटायचं, एखादा सिनेमा बघायचा, एवढ्यासाठी हा धोका.

त्यांना काय काय मनाई होती?

जर्मनीत आल्यावर एक पत्रक वाचून दाखवत, जर्मनमध्ये आणि पोलिशमध्ये. त्याची सुरुवातच अशी की हे थोर राष्ट्र तुम्हाला काम, भाकरी आणि पगार देतंय. मग यादी: गाव सोडायचं नाही. रात्री बाहेर पडायचं नाही. परवान्याशिवाय बस-रेल्वेत बसायचं नाही. सायकल चालवायची नाही. जर्मनांबरोबर नाटक, सिनेमा, नाच, खाणावळ नाही. जर्मनांबरोबर चर्चमध्येही बसायचं नाही, प्रार्थना वेगळी. कामात कुचराई केली तर ‘श्रमशिक्षण छावणी’, म्हणजे काही आठवडे छळछावणीची चव. आणि जर्मन बाईशी किंवा पुरुषाशी संबंध ठेवला तर मृत्युदंड.

दुसरी बाजू जर्मनांसाठी होती. पोलिश गड्याला आपल्या टेबलावर जेवायला बसवू नका, अशी ताकीद शेतकऱ्यांना परत परत दिली जाई. आपल्याकडे यासाठी तयार शब्द आहे, पंक्तिभेद. इथे तो सरकारी हुकमाने लावला होता आणि तो पाळला जातोय का हे बघायला पोलीस नेमले होते. गंमत अशी की अनेक खेड्यांत, विशेषतः कॅथलिक भागांत, शेतकऱ्यांनी तो पाळला नाही. जो शेतात बरोबर राबतो तो बरोबर जेवतो, ही शेतकऱ्याची पिढीजात रीत. शेजाऱ्यांनी चुगली केली म्हणून दंड झालेले, तंबी मिळालेले जर्मन शेतकरी पोलिसांच्या कागदपत्रांत भेटतात. पण चुगली करणारे शेजारी त्याच गावातले होते, हेही त्याच कागदांत आहे.

शेतावर बरं की कारखान्यात?

१९४४ मध्ये पोलिश मजुरांपैकी जवळपास दोन तृतीयांश शेतीत होते. बाकीचे कोळशाच्या खाणी, पोलाद, रेल्वे, दारूगोळा. क्रुप, फोल्क्सवागन, ईगे फार्बेन, झाल्ट्सगिटरचे हेर्मान ग्योरिंग कारखाने अशी कितीतरी मोठी नावं या यादीत आहेत.

शेतावर निदान खायला मिळे. कारखान्यात लाकडी बराकीत ओळीने खाटा, सलगमाचं पाणचट सूप, मोजून दिलेला पाव, आणि १९४३ पासून वरून बॉम्ब. हवाई हल्ल्यांत जर्मनांबरोबर तळघरात शिरायची पोलिश मजुरांना परवानगी नसे. त्यांच्यासाठी उघड्यावर खणलेले चर.

तरी ‘शेत बरं’ असं सरसकट म्हणवत नाही. कारखान्यात निदान आपल्या भाषेतली शंभर माणसं होती. शेतावर पंधरा-सोळा वर्षांचं पोर एकटं, भाषा येत नाही, सगळं मालकावर अवलंबून. पोलिश आठवणींत ‘बाउअर’ हा जर्मन शब्दच येतो, म्हणजे शेतमालक. एकाच तालुक्यातल्या दोन जणांना विचारलं तर एकाचा बाउअर आजारपणात दूध देणारा आणि दुसऱ्याचा चाबूक बाळगणारा. कोणता वाट्याला येईल ही लॉटरी, आणि तिकीट बदलून मिळत नव्हतं.

पगार खरंच मिळायचा?

मिळायचा. दर मुळातच जर्मन मजुरापेक्षा कमी, त्यातून राहण्या-जेवणाचे पैसे कापायचे, आणि १९४० पासून पोलिश लोकांवर १५ टक्क्यांचा खास जादा कर. हातात उरलेल्या पैशांत रेशनकार्डाशिवाय विकत घेण्यासारखं दुकानात फारसं नव्हतंच.

शिक्षा खरंच इतक्या कडक होत्या का?

एकच प्रकरण सांगतो. ते जर्मन न्यायालयाच्याच कागदांत आहे.

वालेर्यान व्रुबेल. पोलिशमध्ये व्रुबेल म्हणजे चिमणी. १९४१ च्या वसंतात, सोळाव्या वर्षी, त्याला फाउकुफ गावातून ब्रेमेनजवळच्या एका शेतावर आणलं. त्याला जर्मन येत नव्हतं. घरची आठवण काही केल्या जाईना. तो एकदा पळाला, पकडून परत आणला. मग त्याने पोराच्या डोक्याने हिशेब केला की आपण काहीतरी मोठं नुकसान केलं तर हे लोक आपल्याला घरी हाकलून देतील. २९ एप्रिलला त्याने गोठ्याला आग लावली. आग लवकर विझली, जीव कोणाचा गेला नाही, आणि विझवायला तो स्वतःही धावला.

गेस्टापोने, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांनी, त्याला नॉयेनगामेच्या छळछावणीत टाकलं. तिथून १९४२ मध्ये ब्रेमेनच्या विशेष न्यायालयासमोर. दरम्यान ४ डिसेंबर १९४१ ला पोलिश लोकांसाठी वेगळा फौजदारी कायदा आला होता. तो आगीच्या वेळी नव्हता, तरी मागच्या तारखेने लावला. अल्पवयीन जर्मन मुलाला मिळणारं संरक्षण पोलिश मुलाला लागू नाही, असं न्यायालयाने ठरवलं. २५ ऑगस्ट १९४२ ला हाम्बुर्गच्या तुरुंगात त्याचा शिरच्छेद केला. वय १७. हा निकाल जर्मनीतल्या न्यायालयाने रद्द केला तो १९८७ मध्ये.

जर्मन बाईशी संबंध असेल तर?

पोलिश पुरुषाला बहुधा खटल्याशिवाय, गेस्टापोच्या हुकमाने फाशी. तीही तुरुंगात नाही. गावाबाहेर झाडाला किंवा हलवता येणाऱ्या फाशीच्या चौकटीला. आसपासच्या गावांतले पोलिश मजूर गोळा करून त्यांना मृतदेहासमोरून रांगेने चालवत. त्याआधी ‘वांशिक तपासणी’ व्हायची. केस, डोळे, कवटी पसंत पडली आणि माणूस ‘जर्मन होण्यालायक’ ठरला तर जीव वाचायची शक्यता. बाईचे डोके भादरून तिची धिंड काढत, आणि पुढे तुरुंग किंवा राव्हेन्सब्र्यूकची छावणी.

जर्मन पुरुष आणि पोलिश मुलगी असा मामला असला तर फास जर्मन पुरुषाच्या गळ्यात पडत नसे. शेतावर एकट्या राहणाऱ्या मुलींच्या बाबतीत याचा अर्थ काय झाला असेल ते वेगळं लिहीत नाही.

मजूर बायकांच्या मुलांचं काय व्हायचं?

सुरुवातीला गरोदर बाईला परत पाठवत. १९४२ च्या अखेरीस ते बंद झालं, कारण कामाचे हात कमी होतात. मग दबावाने गर्भपात, आणि बाळ झालंच तर काही दिवसांत आईपासून तोडून ‘परदेशी बालसंगोपन गृहात’. नाव संगोपन गृह. हेल्मश्टेटजवळच्या फेल्पके गावातलं असं गृह म्हणजे पत्र्याची शेड, नळ नाही, वीज नाही, सांभाळायला ज्यांना बाळांचा काही अनुभव नाही अशा बायका. मे ते डिसेंबर १९४४ या काळात तिथे ऐंशीहून अधिक बाळं मेली. आया काही मैलांवर शेतात बटाटे काढत होत्या. १९४६ मध्ये ब्राउनश्वाइगला ब्रिटिश लष्करी न्यायालयात खटला चालला. फोल्क्सवागन कारखान्याच्या रूएन इथल्या गृहात साडेतीनशेच्या आसपास बाळं गेली. तिथल्या जबाबदार डॉक्टरला १९४७ मध्ये फाशी झाली.

‘पी’ आणि ‘ओस्ट’ यांत फरक काय?

‘ओस्ट’ म्हणजे जर्मनमध्ये ‘पूर्व’. ही पट्टी १९४२ पासून सोव्हिएत प्रदेशांतल्या मजुरांना होती. त्यांचे हाल पोलिशांपेक्षाही जास्त. ज्यू कैदी आणि छळछावणीतले कैदी यांची गोष्ट वेगळी. त्यांना कामाला लावणं आणि मारणं यांत मुद्दाम फारसं अंतर ठेवलं नव्हतं. फ्रेंच, डच, बेल्जियन मजुरांना छातीवर खूण नव्हती.

१९४४ पर्यंत माणसं येतच होती का?

हो. पोलंडच्या झामोश्च भागात १९४२-४३ मध्ये गावंच्या गावं रिकामी करून एक लाखाहून अधिक लोक हुसकले. त्यांतले काम करण्याजोगे जर्मनीला. वॉर्साचा उठाव ऑगस्ट ते ऑक्टोबर १९४४ मध्ये चिरडला, तेव्हा शहर सोडायला लावलेले पाच लाखांहून अधिक लोक प्रुश्कुफच्या छावणीतून गेले. रेल्वे दुरुस्तीच्या त्या शेडमध्ये निवड व्हायची. तरुण इकडे, म्हातारे तिकडे. त्यांतलेही कितीतरी जण शेवटच्या हिवाळ्यात जर्मन कारखान्यांत पोचले.

सामान्य जर्मनांना काही माहीत नव्हतं म्हणतात, ते खरं?

या बाबतीत नाही. छळछावणीबद्दल ‘आम्हाला कुठे माहीत होतं’ म्हणता येत असेल. इथे पोलिश मुलगी त्यांच्याच गोठ्यात दूध काढत होती. एकट्या बर्लिनमध्ये मजुरांच्या लहानमोठ्या सुमारे ३ हजार छावण्या होत्या, घरांच्या खिडक्यांतून दिसतील अशा. त्यांतली एक शोनेवाइडे भागात जवळजवळ पूर्ण उभी आहे आणि २००६ पासून तिथे संग्रहालय आहे. चहूबाजूंनी जुनी राहती घरं. बराकीतून वर पाहिलं की शेजाऱ्यांच्या खिडक्या दिसतात.

युद्ध संपल्यावर ते घरी गेले?

बरेचसे गेले. पण ‘घर’ हलवलं गेलं होतं. पोलंडच्या सीमा पश्चिमेकडे सरकल्या, पूर्वेकडची गावं सोव्हिएत संघात गेली, आणि वॉर्सात कम्युनिस्ट सरकार. लाखो जण निर्वासित छावण्यांत थांबले आणि तिथून ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियाला गेले.

हारेन हे एम्स नदीवरचं जर्मन गाव या गोंधळातलं सगळ्यात चमत्कारिक ठिकाण. १९४५ मध्ये तिथल्या जर्मन रहिवाशांना बाहेर काढून गाव पोलिशांना राहायला दिलं. नाव बदलून माच्कुफ ठेवलं, पोलिश सेनापती स्तानिस्वाफ माचेक यांच्यावरून. पोलिश शाळा, पोलिश रस्त्यांची नावं, पोलिश लग्नं. १९४८ मध्ये जर्मन परतले आणि गाव पुन्हा हारेन झालं.

गुन्हेगारांना शिक्षा झाली?

झाउकेल आणि फ्रांक यांना न्यूरेंबर्गला १६ ऑक्टोबर १९४६ च्या पहाटे फाशी झाली. उद्योगपतींपैकी काहींना तुरुंग झाला, तो फार काळ टिकला नाही. गावातल्या बाउअरला सहसा कोणी विचारलं नाही.

नुकसानभरपाई मिळाली का?

मिळाली, पंचावन्न वर्षांनी. १९५३ च्या लंडन कर्जकराराने हे दावे पुढे ढकलले आणि ते ढकलतच राहिले. १९९१ मध्ये जर्मनीने पोलंडमधल्या सलोखा प्रतिष्ठानाला ५० कोटी मार्क दिले. मग अमेरिकेत कंपन्यांवर दावे पडायला लागले, तेव्हा हालचाल झाली. १९९९ च्या डिसेंबरात राष्ट्राध्यक्ष योहानेस राऊ यांनी वेठबिगारांची माफी मागितली आणि २००० मध्ये १० अब्ज मार्कांचं प्रतिष्ठान उभं राहिलं, निम्मे सरकारचे, निम्मे उद्योगांचे. २००७ पर्यंत सुमारे १६ लाख ६० हजार लोकांना पैसे मिळाले, पोलंडमध्ये सुमारे ४ लाख ८० हजारांना.

तपशिलात गेलं की चव कडू होते. छळछावणीतल्यांना कमाल १५ हजार मार्क, कारखान्यातल्यांना ५ हजार. शेतमजूर मूळ योजनेत बसतच नव्हते. पोलंडने मिळालेल्या निधीतून त्यांना थोडं थोडं दिलं. आणि अट अशी की माणूस १६ फेब्रुवारी १९९९ ला जिवंत असला पाहिजे. त्याआधी गेला असेल तर मुलाबाळांना काही नाही.

एखाद्या माणसाचा शोध घ्यायचा असेल तर?

जर्मनीत हेस राज्यातल्या बाड आरोल्झेन गावी मोठं दप्तर आहे. दोस्तराष्ट्रांनी बेपत्ता लोकांच्या शोधासाठी गोळा केलेली कामाची कार्डं, कारखान्यांच्या याद्या, दवाखान्यांच्या नोंदी, कबरींच्या याद्या तिथे आहेत. संशोधकांना ते २००७ पासून खुलं झालं, आणि आता बराचसा भाग घरबसल्या, फुकट पाहता येतो.

शोधताना एक काळजी घ्यावी लागते. जर्मन कारकुनाने पोलिश नाव जसं ऐकू आलं तसं लिहिलं. ओ वरची रेघ गेली, एल वरची काट गेली, डब्ल्यूचा व्ही झाला, मुलीच्या आडनावाचं शेवटचं ‘आ’ कधी राहिलं कधी पडलं. त्यामुळे एकच माणूस तीन कार्डांवर तीन नावांनी सापडतो. नावाने नाही लागलं तर जन्मतारखेने शोधावं. तीही चुकीची असेल तर जन्मगाव, आणि तेही दोन-चार प्रकारे लिहून पाहावं.